कर्जाचा आकडा छापता तेव्हा शेजारी व्याजाचाही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्केट दोन दिवस जोरात पडलं की पहिल्या पानावर लाल बाण येतो, गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले असा मथळा येतो, आणि आतल्या पानावर कुठेतरी सरकारी कर्जाची बातमी असते की अमुक देशाचं कर्ज आता इतक्या लाख कोटींवर गेलं, म्हणजे माणशी इतकं, अगदी आज जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावरसुद्धा इतकं. या दोन्ही बातम्या मी शेवटपर्यंत वाचते कारण माझे स्वतःचे पैसे त्यात अडकलेले आहेत. आणि वाचून झाल्यावर भीती वाढलेली असते पण समज काही वाढलेली नसते. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, छापताना कापलंत तरी चालेल, पण तुम्ही स्वतः एकदा पूर्ण वाचा एवढीच विनंती.

मी अर्थतज्ज्ञ नाही. पगारातून दर महिन्याला बाजूला टाकलेले पैसे, थोडे इंडेक्स फंडात, थोडे सरकारी रोख्यांच्या फंडात, थोडे बँकेत, इतकंच माझं जग आहे आणि रिटायरमेंट आता फार लांब राहिलेली नाही. माझ्यासारखे लोक सगळ्या देशांत आहेत. आणि आमची गोष्ट अशी आहे की टॅक्स भरतो म्हणजे सरकारचं कर्ज फेडणारे आम्हीच, आणि रोख्यांच्या फंडातून, पीएफमधून, विम्यातून, पेन्शनमधून सरकारला उधार देणारेही बऱ्याच अंशी आम्हीच. बाळाच्या डोक्यावर कर्ज आहे हे छापता, पण त्याच बाळाच्या आजीच्या पेन्शन फंडात तेच कर्ज जमेच्या बाजूला लिहिलेलं असतं, ते कुणी छापत नाही. जपानचं घ्या. तिथलं सरकारी कर्ज जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, २०० टक्क्यांच्या वर आहे, ऐकूनच छाती दडपते, पण त्यातले जवळपास निम्मे रोखे त्यांच्याच मध्यवर्ती बँकेकडे आहेत आणि उरलेल्यांतला मोठा हिस्सा तिथल्याच बँका, विमा कंपन्या आणि पेन्शन फंडांकडे. अमेरिकेचं एकूण कर्ज २०२४ च्या अखेरीला ३६ लाख कोटी डॉलरच्या वर गेलं होतं, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा सरकारच्याच एका खात्याने दुसऱ्या खात्याला द्यायचा आहे. याचा अर्थ काळजीचं कारण नाही असा मी मुळीच काढत नाहीये. काळजी आहेच, मला तर खूप आहे, फक्त ती माणशी आकड्यात सापडत नाही, दुसरीकडे आहे.

घराचं उदाहरण सगळे देतात की घर जसं कर्ज काढून चालत नाही तसा देशही चालत नाही. पण घर चालवणारा माणूस म्हातारा होतो, त्याचा पगार थांबतो, म्हणून त्याला त्याच्या हयातीत कर्ज फेडावंच लागतं. सरकार रिटायर होत नाही. जुना रोखा मुदतीला आला की नवा विकून जुना फेडतं, आणि हे शतकानुशतकं चालू राहू शकतं, जोपर्यंत नवा रोखा घेणारा कुणीतरी समोर आहे आणि व्याज झेपतंय तोपर्यंत. हे "झेपतंय" जे आहे तिथे सगळं येऊन थांबतं. एकूण कर्ज किती यापेक्षा सरकारच्या दर शंभर रुपये किंवा शंभर डॉलर उत्पन्नातले किती नुसते व्याजात जातात हा आकडा मला जास्त सांगून जातो. अमेरिकेत २०२१ साली महसुलाच्या शंभर डॉलरमागे ९ च्या आसपास व्याजात जात होते, २०२४ मध्ये तेच १८ च्या जवळ गेले. तीन वर्षांत दुप्पट. त्या वर्षी निव्वळ व्याजाचं बिल सुमारे ८८,००० कोटी डॉलर झालं, म्हणजे त्यांच्या संरक्षण खर्चापेक्षाही जास्त. या काळात कर्ज दुप्पट झालं नव्हतं, व्याजदर वाढले होते, मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, दर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात गेला, आणि स्वस्तातलं जुनं कर्ज मुदतीला येऊन महागात नव्याने उभारावं लागायला लागलं. ही बातमी आहे. तीसुद्धा पहिल्या पानाची.

आता मार्केट पडण्याबद्दल. कर्ज वाढलं म्हणून मार्केट कोसळणार असं इतक्या खात्रीने बोललं जातं की मी जुने दाखले शोधत बसले, आणि ते या खात्रीला फारसे जुळत नाहीत. १९२९ ची पडझड सगळ्यांना माहीत आहे, अमेरिकन शेअरचा डाऊ जोन्स इंडेक्स सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता तो जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला, म्हणजे शंभरातले ८९ गेले, आणि तो जुना आकडा परत दिसायला नोव्हेंबर १९५४ उजाडला. तेव्हा अमेरिकन सरकारचं कर्ज किती होतं? जीडीपीच्या १६ टक्क्यांच्या आसपास. आजच्या बहुतेक मोठ्या देशांना हेवा वाटावा इतकं कमी. कर्ज होतं ते लोकांच्या डोक्यावर, शेअर घेण्यासाठी ब्रोकरकडून उचललेलं. जपानमध्ये तर क्रमच उलटा आहे. तिथल्या शेअरचा निक्केई इंडेक्स डिसेंबर १९८९ च्या अखेरीला ३८,९१५ वर होता तेव्हा सरकारी कर्ज आजच्या मानाने अगदी माफक होतं, आधी शेअर आणि जमिनी कोसळल्या, बँका रुतल्या, मग अर्थव्यवस्था उभी करायला सरकार वर्षानुवर्षं उसने पैसे ओतत राहिलं आणि कर्जाचा डोंगर त्यातून झाला. २००८ लाही असंच, खाजगी कर्ज बुडालं आणि ते सरकारांनी अंगावर घेतलं. २०२० मध्ये फेब्रुवारी ते मार्च या महिनाभरात अमेरिकेचा एसअँडपी ५०० हा शेअर इंडेक्स ३४ टक्के पडला, सरकारांनी शांततेच्या काळात कधी काढलं नव्हतं इतकं कर्ज काढलं, आणि ऑगस्टमध्ये इंडेक्स पुन्हा नव्या उंचीवर होता.

भारताचं १९९१ तर या बाबतीत सगळ्यात बोलकं. परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं, सोनं विमानाने बाहेर नेऊन गहाण टाकावं लागलेलं, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला हजाराच्या आसपास असलेला सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये चार हजारांच्या वर. त्यात सुधारणांचा भाग होता, घोटाळ्याच्या पैशाचाही मोठा भाग होता आणि तो फुगा लगेच फुटलाही. पण देश कर्जात बुडायला आलाय म्हणून त्या उन्हाळ्यात ज्याने सगळे शेअर विकले त्याचा हिशेब चुकला एवढं तर खरं.

तर मग संबंध नाहीच का? आहे, आणि तो रोख्यांच्या यील्डमधून येतो. यील्ड म्हणजे आजच्या किमतीला रोखा घेतला तर पडणारा व्याजदर, रोख्याची किंमत पडली की यील्ड वाढतं आणि किंमत वाढली की यील्ड उतरतं. माझ्या मते हेच पेपरने सोपं करून सांगायला हवं, कारण यात काही अवघड नाही. सरकारी रोखा म्हणजे त्या चलनातला सगळ्यात सुरक्षित व्याजदर. बाकी सगळ्याची किंमत त्याच्याशी ताडून ठरते. समजा एखाद्या गुंतवणुकीतून मला २० वर्षांनी १०० मिळणार आहेत. सुरक्षित व्याज ३ टक्के असेल तर त्या शंभराची आजची किंमत ५५ होते. व्याज ५ टक्के झालं तर तीच किंमत ३८ च्या खाली जाते. कंपनीच्या धंद्यात काडीचाही फरक नाही, कमाई तितकीच, माल तोच, आणि तरी जवळजवळ एक तृतीयांश किंमत गेली. म्हणून सरकार जेव्हा इतकं कर्ज उचलायला निघतं की घेणारे जास्त व्याज मागायला लागतात, तेव्हा त्याचा फटका अशा माणसालाही बसतो ज्याने आयुष्यात एक सरकारी रोखा घेतलेला नसतो. गृहकर्ज महाग होतं ते वेगळंच.

ब्रिटनमध्ये हे उघड्या डोळ्यांनी बघायला मिळालं. २३ सप्टेंबर २०२२ ला तिथले अर्थमंत्री क्वासी क्वारतेंग यांनी मोठी करकपात जाहीर केली आणि पैसे कुठून आणणार तर कर्जातून. काही दिवसांत ३० वर्षांच्या रोख्यांचं यील्ड ५ टक्क्यांच्या वर. तिथल्या पेन्शन फंडांनी या रोख्यांवर उसनवारीचे व्यवहार करून ठेवले होते, त्यांना तारण भरायला पैसे हवे म्हणून ते रोखेच विकायला लागले, त्यामुळे किंमत अजून पडली, म्हणून अजून विकायला लागले, आणि शेवटी २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला ६,५०० कोटी पौंडांपर्यंत रोखे घेण्याची तयारी दाखवून मध्ये पडावं लागलं. अर्थमंत्री गेले, पंतप्रधान लिझ ट्रस यांनी ऑक्टोबरातच राजीनामा दिला. ब्रिटनचं कर्ज तेव्हा जीडीपीच्या मानाने जपानच्या निम्म्याहूनही कमी होतं हे लक्षात घ्या. म्हणजे किती कर्ज आहे यावर ते ठरलं नाही, लोकांचा भरवसा एका आठवड्यात उडाला त्यावर ठरलं.

मला स्वतःला खरी धास्ती बसली ती मात्र एप्रिल २०२५ मध्ये, आणि का ते सांगते. ऑगस्ट २०११ मध्ये एसअँडपी या रेटिंग कंपनीने अमेरिकेचं एएए हे सर्वोच्च रेटिंग पहिल्यांदा काढलं, पुढच्या सोमवारी तिथले शेअर साडेसहा टक्क्यांहून जास्त पडले, पण लोक पळाले कुठे? त्याच अमेरिकन सरकारच्या रोख्यांकडे, ज्यांचं रेटिंग कमी झालं होतं. यील्ड खाली आलं, रोख्यांच्या किमती वाढल्या. ज्याच्याकडे दोन्ही होतं त्याचं एकाने भरून निघालं. हाच आमच्यासारख्यांच्या सगळ्या प्लॅनिंगचा पाया आहे, शेअर पडले तर रोखे सांभाळतील. एप्रिल २०२५ मध्ये आयातशुल्कांच्या घोषणेनंतर अमेरिकन शेअर दोन दिवसांत १० टक्क्यांहून जास्त पडले, आणि पुढच्या आठवड्यात १० वर्षांच्या रोख्यांचं यील्ड ४ टक्क्यांवरून साडेचारच्या जवळ गेलं, म्हणजे रोखेही पडले, आणि डॉलरही घसरला. तिन्ही एकत्र. असं एखाद्या डळमळीत देशात होतं, अमेरिकेत होईल असं कुणी धरून चाललं नव्हतं. नंतर घोषणा थांबवली, मार्केट वर आलं, सगळे विसरले. मी विसरू शकले नाही. त्याआधी २०२२ मध्येही शेअर आणि रोखे दोन्ही एकाच वर्षी पडले होते, तेव्हा कारण महागाई होतं. सुरक्षित म्हणून जी गोष्ट घेतली तीच कर्जाच्या ओझ्याने आणि महागाईने हलायला लागली तर मग छोट्या माणसाने जायचं कुठे, हा प्रश्न मला रात्री पडतो आणि त्याला उत्तर देणारा लेख अजून तरी वाचण्यात आला नाही.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आपण सगळे पडझडीची वाट बघत असतो, एखादा काळा सोमवार, एखादा देश दिवाळखोर. पण ज्या देशांनी स्वतःच्या चलनात कर्ज काढलंय ते सहसा असे बुडत नाहीत. ते कर्ज फेडतात, एकही हप्ता न चुकवता, आणि तरीही देणाऱ्याला बुडवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये अमेरिकेचं लोकांकडून घेतलेलं कर्ज जीडीपीच्या १०६ टक्क्यांवर होतं, १९७४ पर्यंत ते २५ टक्क्यांच्याही खाली आलं, आणि हे नेहमी यशाची गोष्ट म्हणून सांगतात. अर्थव्यवस्था वाढली हे खरंच आहे. पण दुसरी बाजू अशी की १९५१ पर्यंत फेडने दीर्घ मुदतीच्या रोख्यांचं व्याज अडीच टक्क्यांवर दाबून धरलं होतं आणि १९४७ मध्ये महागाई १४ टक्क्यांवर होती. युद्धाच्या काळात देशासाठी म्हणून रोखे घेतलेल्या साध्या माणसाला तीन टक्क्यांच्या आतच मिळत होतं आणि त्या वर्षी बाजारात वस्तू चौदा टक्क्यांनी महागत होत्या. कर्ज कुणी फेडलं? त्याने फेडलं.

ब्रिटनची गोष्ट तर याहून लांबलचक. पहिल्या महायुद्धासाठी काढलेलं ५ टक्क्यांचं वॉर लोन १९३२ मध्ये अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी देशभक्तीचं आवाहन करून साडेतीन टक्क्यांवर आणलं, बहुतेक लोकांनी मान्यही केलं, आणि त्या रोख्याला परतफेडीची ठरलेली तारीखच उरली नाही. सरकारने मुद्दल शेवटी परत केलं, मार्च २०१५ मध्ये. ऐंशी वर्षांहून जास्त काळ व्याज वेळेवर दिलं, एक पौंड बुडवला नाही, रेटिंगवाल्यांच्या भाषेत निष्कलंक. आणि ज्या घरात तो कागद आजोबांपासून चालत आला त्यांच्या हातात आलेल्या पौंडाची किंमत मूळच्या पौंडाच्या अगदी किरकोळ तुकड्याएवढी उरली होती. याची कुठल्याही दिवशी बातमी झाली नाही, कारण कुठल्याही एका दिवशी काही घडलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं की जास्त कर्ज असलेल्या सरकारांचा कल या वाटेकडे असणार. कर वाढवणं कुणालाच नको, खर्च कापणं कुणालाच नको, निवडणूक जवळ असली की दोन्ही बाजू वाटायलाच निघतात, मग उरतं काय, तर महागाई थोडी जास्त चालवून घ्यायची, व्याज थोडं कमी ठेवायचं, बँकांना आणि पेन्शन फंडांना नियमाने रोखे घ्यायला लावायचे. थोडं थोडं, पण वर्षानुवर्षं. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळतंय म्हणून समाधानी असलेला माणूस हे भरत असतो आणि त्याला कळतही नाही. मार्केट पडलं की निदान दिसतं तरी.

ज्यांनी दुसऱ्याच्या चलनात कर्ज घेतलं त्यांचं मात्र वेगळं आहे, तिथे खरंच दिवाळं निघतं. ग्रीसला स्वतःचा युरो छापता येत नव्हता, मार्च २०१२ मध्ये खाजगी रोखेधारकांचं दर्शनी किमतीतलं निम्म्याहून जास्त बुडालं आणि अथेन्सचा इंडेक्स, जो २००७ मध्ये ५,००० च्या वर होता, तो जून २०१२ मध्ये ५०० च्या खाली आला. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, ते कर्ज प्रामुख्याने डॉलरमधलं होतं. म्हणजे कर्ज कुठल्या चलनात आहे हे एका ओळीत छापलं तरी वाचकाला अर्धी गोष्ट कळेल.

एक आकडा मात्र छापू नका, तो म्हणजे धोक्याची कुठलीतरी रेषा. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या शोधनिबंधामुळे जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर कर्ज गेलं की वाढ खुंटते असं जगभर पसरलं, मंत्री भाषणांत ते सांगायला लागले, आणि २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी दाखवलं की एक्सेलच्या शीटमध्ये काही देश सरासरीत धरायचेच राहिले होते, शिवाय सरासरी काढायच्या पद्धतीबद्दलही प्रश्न होते. जास्त कर्ज आणि कमी वाढ यांचा काहीच संबंध नाही असं कुणी म्हटलं नाही, पण ९० वर रेघ आणि त्याच्या पलीकडे दरी असं काही उरलं नाही. तरी आजही कुठेतरी तो ९० चा आकडा येतोच.

त्यापेक्षा साधी गोष्ट आहे जी १९४४ मध्ये अर्थतज्ज्ञ एव्हसी डोमार यांनी मांडली, की व्याज सोडता सरकारचा खर्च आणि उत्पन्न सारखे धरले, तर कर्जावरचा व्याजदर अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या दरापेक्षा कमी असेल तर मोठं कर्जही जीडीपीच्या मानाने हळूहळू लहान होत जातं, आणि व्याजदर जास्त असेल तर छोटं कर्जही फुगत जातं. २०१९ मध्ये अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिये ब्लांशार यांनी याच आधारावर म्हटलं होतं की व्याजदर इतके कमी असताना कर्ज वाटतं तेवढं महाग नाही. तेव्हा ते बरोबर होतं. मग दर वाढले. मला याचं नवल वाटतं की व्याज कमी होतं तेव्हा कर्ज काढणाऱ्या सरकारांनी ते कायमचं असल्यासारखं धरलं, आणि आम्ही गुंतवणूकदारांनाही कुणी नीट सांगितलं नाही की हे दोन दर एकमेकांना ओलांडतात तो क्षण बघायचा असतो. जपानमध्ये ३१ जुलै २०२४ ला मध्यवर्ती बँकेने दर नुसता पाव टक्क्यावर नेला, आणि ५ ऑगस्टला निक्केई एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त पडला. कारणं बरीच होती, स्वस्त येन उचलून जगभर लावलेले पैसे परत जात होते, अमेरिकेतली रोजगाराची आकडेवारीही वाईट आली होती. पण पाव टक्क्याला ज्या जगात एवढं हलायला होतं तिथे कर्जाची चर्चा व्याजाशिवाय करणं म्हणजे अर्धवट चर्चा.

माझ्यासारख्यांनी काय करावं यावर तुमच्या गुंतवणूक पानावर दर वेळी एकच येतं, घाबरू नका, लाँग टर्म राहा, एसआयपी थांबवू नका. २०२० मध्ये हे अगदी बरोबर ठरलं, ज्यांनी मार्चमध्ये विकलं त्यांचं नुकसान पक्कं झालं. पण निक्केईला १९८९ ची उंची पुन्हा गाठायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं, ३४ वर्षं. त्या वेळी पन्नाशीत असलेल्या माणसाला लाँग टर्म म्हणजे काय सांगायचं? डिव्हिडंड धरले तर चित्र थोडं बरं दिसतं हे मान्य, आणि ज्याने एकदम न टाकता वर्षानुवर्षं थोडं थोडं टाकलं त्याचं इतकं वाईट झालं नाही हेही मान्य. पण सल्ला देताना वय विचारायला नको का, सगळे पैसे एकाच देशाच्या मार्केटमध्ये आहेत का हे विचारायला नको का? मी माझ्यापुरतं ठरवलंय की पुढच्या काही वर्षांत लागणारे पैसे शेअरमध्ये ठेवायचे नाहीत, फार लांब मुदतीच्या रोख्यांत जास्त अडकायचं नाही, आणि सगळं एका देशावर, एका चलनावर टाकायचं नाही. कर्जाच्या भीतीने शेअर मात्र सगळे विकायचे नाहीत, कारण महागाईने पैसा झिजणार असेल तर ज्या कंपन्या आपल्या मालाची किंमत वाढवू शकतात त्यांचा तुकडा हातात असलेला बरा. हा काही सगळ्यांसाठी सल्ला नाही, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी.

अजून एक, महागाईशी बांधलेले रोखे, ज्यांचं मुद्दल महागाईबरोबर वाढतं. ब्रिटनने १९८१ मध्ये आणले, अमेरिकेने १९९७ मध्ये. सरकारला स्वतःवर खरंच भरवसा असेल की महागाई वाढवून कर्ज झिजवणार नाही, तर असे रोखे साध्या बचत करणाऱ्याला सहज, छोट्या रकमेत आणि कायम मिळायला हवेत. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत हा प्रश्न मंत्र्यांना विचारा ना. तूट किती हे तर सगळेच विचारतात.

संपादक महोदय, माझी मागणी मोठी नाही. कर्जाची बातमी छापाल तेव्हा एकूण आकड्याच्या शेजारी चार गोष्टी द्या, महसुलातला किती भाग व्याजात जातो, कर्ज कुठल्या चलनात आहे, येत्या वर्षभरात किती कर्ज मुदतीला येतंय, आणि सरकार देत असलेलं सरासरी व्याज वाढीच्या दरापेक्षा वर आहे की खाली. बाळाच्या डोक्यावरचा आकडा काढून टाकला की तेवढी जागा होईल. आणि मार्केट पडलेल्या दिवशी शेअरच्या लाल बाणाखाली रोख्यांचं यील्ड त्या दिवशी वर गेलं की खाली हे एका ओळीत लिहा, कारण आमच्या बचतीचा दुसरा हिस्सा तिथे आहे आणि तो टिकला की नाही हे आम्हाला त्याच सकाळी कळायला हवं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक